"आयुष्याची दोरी तेवढीच होती" म्हणजे नक्की काय?

वहीतली_रेघ

गेल्या महिन्यात माझा धाकटा दीर गेला. ४१ वर्षांचा. रात्री साडेदहाला कामावरून दुचाकीने घरी येत होता. पाण्याने भरलेला खड्डा, मागून टेम्पो. हेल्मेट घातलेलं होतं. रस्ता कुठला, ठेकेदार कोण, ते इथे लिहीत नाही. ते वेगळं चालू आहे.

मला बोलायचंय ते पुढच्या तेरा दिवसांबद्दल. घर लहान, माणसं पुष्कळ, मी सतत चहाच्या ट्रेमागे. येणारा प्रत्येक जण दोन मिनिटं गप्प बसायचा आणि मग एक वाक्य बोलायचा. तिसऱ्या दिवसापासून मी वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढायला लागले. का, ते विचारू नका. हाताला काहीतरी चाळा हवा होता. दहाव्यापर्यंतचा हिशोब असा: "आयुष्याची दोरी तेवढीच" २३. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात" १४. "मागच्या जन्मीचं देणं" ९. "जे होतं ते चांगल्यासाठीच" ४. या शेवटच्या चौघांपैकी एकाने बोलून झाल्यावर स्वतःच जीभ चावली, तेवढं त्याच्या खात्यात जमा.

बाराव्या दिवशी रात्री पुतण्या माझ्या शेजारी केळीची पानं पुसत बसला होता. नऊ वर्षांचा आहे. पान पुसता पुसता म्हणाला, "काकू, आई पण चांगली आहे ना?" मला वाटलं, आईच्या काळजीने विचारतोय. म्हटलं, "हो रे, खूप चांगली." त्याचा चेहरा पडला. मला कळायला अर्धा मिनिट लागलं. त्या चौदा रेघांतली एखादी त्याच्या कानावर गेली होती.

तर प्रश्न दोन. माणूस का जातो, चांगल्याच्या वाट्याला वाईट का येतं, यावर हजारो वर्षं डोकी झिजली. मग आपण त्याची उत्तरं चहाबरोबर संपतील एवढीशी का करून ठेवली? आणि दुसरा: पोराला सांगायचं काय? मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

तिरफळ

काय बोलू. बोलले तर तुमच्या वहीत पंधरावी रेघ व्हायची.

ज्ञानपिपासू_६४

ताई, दुःख समजू शकतो. पण लोक जे बोलतात त्यामागे मोठा विचार आहे, तो अर्धवट सांगितला जातो ही खरी अडचण. कर्माचे तीन भाग: संचित, प्रारब्ध, क्रियमाण. संचित म्हणजे भात्यातले बाण, क्रियमाण म्हणजे हातातला, प्रारब्ध म्हणजे सुटलेला. सुटलेला बाण परत येत नाही. "दोरी तेवढीच" हे त्याचंच घरगुती रूप. सृष्टीत अन्याय नाही, हिशोब लांबचा आहे एवढंच. हे एकदा पटलं की मन शांत होतं, हा स्वानुभव.

हातोडी

>> सृष्टीत अन्याय नाही, हिशोब लांबचा आहे

मग तो खड्डा कोणाच्या खात्यावर टाकायचा? गेलेल्याचं प्रारब्ध म्हणायचं की ठेकेदाराचं क्रियमाण? आम्ही अपघाताच्या केसेस चालवतो. समोरचे वकील अजून "मयताचे प्रारब्ध" असं लेखी देत नाहीत. हा धागा वाचला तर देतील.

चकलीची_काडी

हिशोब नव्हे, हिशेब. दोघांनाही.

हातोडी

@चकलीची_काडी, वरचा हिशेब लागला की खालचा दुरुस्त करतो.

औसेकडचा

लिहावं की नको असा विचार करत होतो, पण लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारला चार कमी असताना जमीन हलली. सगळी मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातली तीन.

त्यानंतर वर्षभर मी तुमच्या वहीतलं प्रत्येक वाक्य ऐकलं. एक जास्तीचं होतं: "पाप फार वाढलं होतं." आमचे आजोबा रोज संध्याकाळी तंबूबाहेर बसून पाप कोणाचं यावर बोलायचे. कधी गावातल्या एका भानगडीचं नाव निघायचं, कधी बुजवलेल्या जुन्या विहिरीचं. मी माझ्यापुरतं शोधून ठेवलं होतं. विसर्जनाच्या दिवशी मी मोदकाचा एक तुकडा नैवेद्याआधी खाल्ला होता. हे मी कोणालाही सांगितलं नाही. पुढे सात-आठ वर्षं तो तुकडा माझ्या पोटात होता असं समजा.

नंतर डिप्लोमा केला आणि कळलं. आमच्याकडची घरं म्हणजे दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती, आत नुसती माती, भिंतीची दोन्ही अंगं बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दर दोन-चार वर्षांनी त्यावर आणखी माती. भिंत बाहेर फुगली की ते सगळं ओझं झोपलेल्या माणसावर. आमच्या गावात कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांतली माणसं बरीचशी वाचली. ज्यांची घरं पैका खर्चून दणकट बांधलेली, ती गाडली गेली. पापाचा हिशेब (बरोबर लिहिलं ना काडीताई?) यात कुठे बसवायचा ते मला अजून जमलेलं नाही.

पोराला काहीतरी सांगा, ताई. गप्प राहू नका. नाहीतर तो स्वतःचा मोदक शोधून काढेल.

तिरफळ

@औसेकडचा, शेवटची ओळ वाचून मोबाइल खाली ठेवला आणि लेकाच्या खोलीत जाऊन आले. झोपलाय.

रिकामटेकडी

औसेकडच्या दादांच्या आजोबांवरून आठवलं. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध दौऱ्यावर दक्षिणेत होते. ते म्हणाले, ही आपल्या अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथांना हे अजिबात रुचलं नाही. स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक, गांधींबद्दल अपार आदर, तरी त्यांनी लेखी हरकत घेतली आणि गांधींनी ती आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापली, सोबत आपलं उत्तरही. रवींद्रनाथांचा मुद्दा साधा होता: निसर्गाच्या घडामोडींना नीतीचं गणित लावू नका. आणि लावायचंच म्हटलं तर सनातनी उद्या उठून म्हणतील की भूकंप तुमच्यामुळेच झाला, तुम्ही धर्म बुडवला म्हणून. हे उत्तर कोणाच्याही हातात तितकंच चालतं.

मला या प्रकरणात गांधींपेक्षा ते छापणं जास्त आवडतं. आज कोण छापतं आपल्याविरुद्धचं.

बे_एके_बे

आमच्या नागपुरात एक बरं आहे. इथे लोक येतात, बसतात, म्हणतात "काय सांगावं आता" आन् निघून जातात. तत्त्वज्ञान शून्य, पण चूक बी शून्य.

जुनी_उशी

मी सहसा वाचनमात्र असते. पण इथे एक बाजू राहतेय.

माझा मुलगा जाऊन सोळा वर्षं झाली. तापाने, चार दिवसांत. त्याच्या वर्गातल्या एका मुलाची आई आमच्याच इमारतीत राहायची. रोज जिन्यात भेट व्हायची. त्या दिवसानंतर ती मला बघितलं की लिफ्टकडे वळायची, आणि लिफ्ट बंद असली तर परत वर जायची. हुशार बाई, पुष्कळ वाचणारी. "दोरी तेवढीच" असलं काहीतरी आपल्या तोंडून जाऊ नये असं तिला वाटत असणार. समोरच्या घरातल्या आजी मात्र रोज दुपारी यायच्या, "देवाघरचं बोलावणं गं बाई" म्हणायच्या, ताटात दोन घास वाढायच्या आणि मी खाल्लं की जायच्या. वाक्य तेच, रोज. मी ते ऐकत नव्हते, त्या येण्याची वाट बघत होते. त्यांचे स्वतःचे दोन गेलेले होते हे मला फार नंतर कळलं.

ते वाक्य उत्तर नसतं हो. हात ठेवायला जागा हवी असते, तशी ती वाक्यं असतात. तुम्ही रेघा मोजल्यात याचा राग नाही, मीही काय काय मोजलं असेल तेव्हा. पण आलेल्या पन्नास जणांपैकी किती जण मुळात उत्तर द्यायला आले होते?

वहीतली_रेघ

@जुनी_उशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वहीत कोण काय म्हणालं ते आहे, कोण किती वेळ बसलं ते नाही. ते मोजायला हवं होतं. पण माझा पुतण्या नऊ वर्षांचा आहे. त्याला हात दिसला नाही, वाक्यच ऐकू आलं.

जुनी_उशी

तेही खरंच.

मनकवडा_नाही

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं. मेल्विन लर्नर यांनी १९६६ मध्ये सहकाऱ्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. चुकलं की विजेचा धक्का, अशी परीक्षा देणारी एक बाई प्रेक्षकांना दाखवायची. धक्के खोटे, बाईचा अभिनय, पण प्रेक्षकांना ते माहीत नाही. सुरुवातीला बघणारे अस्वस्थ झाले. पण आपण हे थांबवू शकत नाही आणि बाईला आणखी सोसावं लागणार, हे कळल्यावर त्यांनी तिच्याबद्दल वाईट मत बनवायला सुरुवात केली. जग न्याय्य आहे हा विश्वास वाचवायचा, तर सोसणाऱ्यात खोट काढावी लागते.

"मागच्या जन्मीचं देणं" मला त्याच जातीचं वाटतं. या जन्मात खोट सापडली नाही की मागचा उघडायचा. शिवाय बोलणाऱ्याला एक छुपी हमी मिळते: माझं काही देणं नाही, म्हणजे माझ्या दुचाकीसमोर खड्डा येणार नाही.

ज्ञानपिपासू_६४

पुन्हा एकांगी. आपल्या परंपरेत प्रश्न विचारायला बंदी नव्हती. अख्खं कठोपनिषद एका मुलाच्या प्रश्नावर उभं आहे.

हातोडी

आहेच. पण ते उघडून बघा. नचिकेता तीन रात्री उपाशी यमाच्या दारात. तिसऱ्या वरात विचारतो, मेल्यानंतर माणूस असतो की नसतो. आणि खुद्द यम, ज्याचं ते खातंच आहे, काय म्हणतो? देवांनाही इथे शंका होती, दुसरं काहीतरी माग. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं घे. साक्षात मृत्यूला सांगायला इतकं जड गेलं, आणि आपल्याकडे चुलत मावसे चपला काढता काढता सांगतात.

रिकामटेकडी

आणि गार्गी? हे कशात विणलंय, ते कशात विणलंय, असं विचारत ब्रह्मलोकापर्यंत पोचली तर याज्ञवल्क्य म्हणाले, आता पुरे, नाहीतर डोकं गळून पडेल. आमच्या आजीचं "जास्त शहाणपणा करू नको" थेट बृहदारण्यक उपनिषदातलं आहे तर.

(गार्गी मात्र पुढे परत उठून आणखी दोन प्रश्न विचारते. डोकं शाबूत.)

शेंगदाणा_चिक्की

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, औसेकडच्यांच्या प्रतिसादानंतर बाजूला ठेवले. तरी एक भाबडी शंका: बुद्धाने असले प्रश्नच बाद केले ना? विषारी बाण लागलेला माणूस आधी बाण कोणी मारला, तो कोणत्या जातीचा, धनुष्य कशाचं, हे विचारत बसला तर मरेल. आधी बाण काढा. मग हा धागाच बाद?

भीमथडी

@शेंगदाणा_चिक्की, बाद कसा? बाण काढणं हेच तर उत्तर आहे. खड्डा बुजवा, केस लढा, पोराला जवळ घ्या.

पण बुद्धाचा विषय निघालाच आहे तर. सिद्धार्थाने घर का सोडलं, याचं शाळेतलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: म्हातारा, आजारी आणि प्रेत बघितलं म्हणून. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये (१९५७, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध) सुरुवातीलाच विचारलंय की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे पटतं का? म्हातारपण, आजार, मरण या शेकड्याने घडणाऱ्या गोष्टी. मग त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या भांडणाची हकिगत मांडली. युद्धाला विरोध केला म्हणून गृहत्याग. त्याच प्रस्तावनेत आणखी एक अवघड प्रश्नही आहे: आत्मा नाही म्हणता, मग कर्म आणि पुनर्जन्म कोणाचा?

आमच्या घरी हे पुस्तक देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात असतं. वडील रोज हात जोडतात. मी दहावीत ते पहिल्यांदा उघडलं आणि बघतो तर प्रस्तावनेतच प्रश्न. वडिलांना म्हटलं, यात तर शंका घेतल्यात. ते म्हणाले, म्हणूनच हात जोडतो.

आणि "मागच्या जन्मीचं" हे वाक्य आमच्या आज्याला कोणी सांत्वनासाठी ऐकवलं नव्हतं. विहिरीवर पाणी का नाही, याचं उत्तर म्हणून ऐकवलं होतं. एवढंच लक्षात ठेवून पुढची चर्चा करा.

तिरफळ

+१. यावर कोणी "विषयांतर" म्हणू नये.

निवांत_नाना

मंडळी, सगळं वाचलं. मी वारकरी घरातला. आम्हाला लहानपणापासून एकच: "ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान." माझी हीच दोरी आहे आणि तिने मला दोनदा सावरलंय. यात साधं असेल, पण खोटं काय आहे?

हातोडी

खोटं नाही नाना, अर्धं आहे. ते म्हणणाऱ्याच्याच अभंगात हेही आहे: "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली." १६३० च्या आसपासचा दुष्काळ. त्यात "चांगल्यासाठीच मेली" असं कुठे म्हटलंय? कसं झालं ते सरळ सांगितलंय, "अन्न अन्न करिता". समाधानाची ओळ आपण भिंतीवर लावली आणि ही पोथीत राहू दिली.

निवांत_नाना

मान्य. पण हातोडीराव, ती दुसरी ओळ म्हणणाराच पहिली म्हणू शकतो. उलट नाही. मी पहिली म्हणायला लागलो ते बायको गेल्यावर तीन वर्षांनी. तिसऱ्या दिवशी मला ती कोणी ऐकवली असती तर टाळ फेकून मारला असता.

चकलीची_काडी

नाना, तुमच्यासाठी हिशोबही चालेल.

हडसनकाठची

अमेरिकेतून. इकडे ऑफिसात कोणाचं काही झालं की "एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन" असं छापलेलं कार्ड फिरतं, खाली तीस सह्या. मी पण करते. चुलत मावसे सगळीकडे आहेत. फरक एवढाच की ते घरी येत नाहीत.

औसेकडचा

रात्रपाळी आहे, झोप नाही, म्हणून आणखी एक. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालमध्ये लिस्बनला भूकंप झाला. सणाचा दिवस, चर्च भरलेली, मागून समुद्र आत आला, मग आग. पाप-पुण्याची चर्चा तिथेही झालीच. पण तिथल्या पोंबाल नावाच्या मंत्र्याने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नांची यादी धाडली: किती वेळ हललं? किती घरं पडली? माणसं किती गेली? समुद्र आधी चढला की ओसरला? ती उत्तरं अजून जपून ठेवलेली आहेत आणि भूकंपाचे अभ्यासक वापरतात.

ज्यांचं रोजचं काम "का" सांगण्याचं, त्यांनाच त्याने "कसं" विचारलं. आमच्या आजोबांना कोणी अशी यादी दिली असती तर त्यांनी भरली असती. त्यांना प्रत्येक भिंतीची रुंदी पाठ होती.

मनकवडा_नाही

हे लिस्बनचं माहीत नव्हतं. पण "कसं" कळलं म्हणून "का" मिटतो असं समजू नका. टेम्पोचा वेग, खड्ड्याची खोली, सगळं कळलं तरी रात्री तीनला तोच प्रश्न येतो. तो साध्या उत्तराने मिटत नाही, तसा अवघड उत्तरानेही मिटत नाही.

बे_एके_बे

काय सांगावं आता.

तिरफळ

@वहीतली_रेघ, बाकी जाऊ द्या. पोराशी बोललात का?

वहीतली_रेघ

बोलले, काल. सगळ्यांचं वाचून झाल्यावर, विशेषतः मोदकाचं.

दुपारी दोघं गॅलरीत कपडे वाळत घालत होतो, तो चिमटे देत होता. मी म्हटलं, बाबा चांगला होता म्हणून नाही गेला. रस्त्यात खड्डा होता, त्यात पाणी होतं, अंधारात दिसला नाही, मागच्या टेम्पोला थांबता आलं नाही. आई चांगली आहे म्हणून तिला कोणी नेणार नाही.

"पण मग बाबाच का? त्या रस्त्याने सगळेच जातात."

म्हटलं, मला माहीत नाही.

"तुला पण नाही?"

"नाही."

"आजीला?"

"आजीलाही नाही."

"मग आजी म्हणते ते?"

इथे मी अडकले. जुनी_उशी, तुमच्या समोरच्या आजी आठवल्या. म्हटलं, आजीला रडू येतं ना, तेव्हा ती ते म्हणते. त्याने मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. पुढचे चार-पाच चिमटे न बोलता दिले. मग म्हणाला, "बाबाचं हेल्मेट कुठंय?"

पोलिसांकडे आहे. तेही सांगितलं. परत देतात का, विचारत होता. ते मला खरंच माहीत नाही.

हातोडी

देतात. जप्त मुद्देमाल परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागतो. पुरावा म्हणून लागणार असेल तर थोडं थांबावं लागेल, पण अर्ज आत्ताच टाकून ठेवा. जाऊबाईंच्या सहीने चालेल. मसुदा तयार आहे माझ्याकडे, व्यनि (खासगी निरोप) करतो.